दुपारी बारा ते चार कोणाशी बोलायचं?

मुलीचं लग्न मुंबईकडे ठरलं की आपल्याकडे केवढी चौकशी होते! मुलगा काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं, खोल्या किती, स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं. ही चौकशी हवीच. पण दुपारी बारा ते चार ही पोरगी बोलणार कोणाशी, हे कोणीच विचारत नाही. ‘शेजारीपाजारी असतीलच की’ असं आपण धरूनच चालतो.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आसपास बचत गटांचं काम करताना मला वेगळंच दिसतं. हे गाव खरं तर बाहेरून आलेल्यांचंच. 1991 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2001 ला ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली आणि 2011 ला आकडा आठ लाखांच्या पुढे. म्हणजे वीस वर्षांत चौपटीहून जास्त. सगळेच नवे, मग ओळखी पटापट व्हायला हव्यात, नाही का? पण दारं लागलेलीच असतात. कोण भाडेकरू, कोण कायमचं, अकरा महिन्यांनी कोण असेल नि कोण नसेल, हेच ठाऊक नसतं. मग जीव लावायचा कशाला, असा एकूण हिशेब.

यात बाईचं वेगळं काय? केंद्र सरकारच्या 2020-21 च्या श्रमबल पाहणीत गाव सोडलेल्या बायकांपैकी सुमारे 87 टक्के बायकांनी कारण सांगितलं ते लग्न. नोकरीसाठी निघालेल्या पुरुषाला कामावर चार माणसं आपोआप भेटतात. लग्न होऊन आलेल्या मुलीला मिळतो तो ओटा. तिला वेळ तरी कुठे? 2024 च्या वेळवापर पाहणीत बायका बिनपगारी घरकामाला दिवसाला 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88, असं दिसलं. गप्पा मारणारी बाई म्हणजे रिकामटेकडी, हा शिक्का तर आपल्याकडे तयारच असतो.

आणि हे नुसतं मनाला लावून घेण्याचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या जूनमध्ये अहवाल दिला की जगात दर सहा माणसांत एकाला एकाकीपणा छळतो आणि त्याचा परिणाम हृदयापर्यंत जातो. आमच्याकडे सांगोल्याकडची एक मुलगी आली होती, पहिलटकरीण. रात्री बाळाला ताप भरला, नवरा रात्रपाळीला. आठ महिने त्या मजल्यावर राहून कोणाचं दार वाजवावं ते तिला कळेना. आईला व्हिडिओ कॉल लावून ती पहाटेपर्यंत तशीच बसली. मोबाइलवरची आई धीर देते, पण बाळ हातात घेऊ शकत नाही. बाळ बरं झालं. मुलीची धास्ती मात्र महिनोन् महिने गेली नाही.

नोकरीवाल्या बायकांना या बाबतीत लोकलने तारलं. पश्चिम रेल्वेची ‘लेडीज स्पेशल’ 5 मे 1992 ला चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. एकच गाडी, एकच डबा, रोज त्याच बायका. त्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवण होतं, संक्रांतीचं वाण लुटलं जातं, सासूच्या कागाळ्या होतात. 2020 च्या मार्चमध्ये लोकल थांबली तेव्हा कित्येकींना वाटलं, माहेरच तुटलं. 21 ऑक्टोबर 2020 पासून ठरावीक वेळांत बायकांना पुन्हा प्रवेश मिळाला, पण तोवर कोणाची नोकरी गेली होती, कोणी गावी परतलं होतं.

घरी असणारीला मात्र गाडी नाही. तिच्यासाठी होतं ते पाणी! जुन्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत ‘पाणी आलं का हो?’ या एका प्रश्नावर किती मैत्र्या जुळल्या, सांगता सोय नाही. जिन्यात भाजीची पिशवी टेकवून दम खाताना दुसऱ्या मजल्यावरची भेटायची. टंचाई चांगली असं मी म्हणणार नाही, कळशा वाहून कंबर मोडते ती आमचीच. पण आता या इमारती मोडकळीला येऊन पुनर्विकासाला जातात. रहिवासी दोन-तीन वर्षं भाड्याने पांगतात, कधी जास्तही. मग पन्नाशीच्या बाईचं गाव दुसऱ्यांदा सुटतं, आणि या वेळी नवी ओळख करायची उमेदही नसते.

भाषेचं म्हणाल, तर 2025 च्या जुलैत मीरा रोडला भाषेवरून बंद झाला, मोर्चा निघाला, साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. मराठी इथे बोलली गेलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या गटातली मारवाडी वहिनी उकडीचे मोदक शिकायला आली आणि ‘पारी’ हा शब्द घेऊन गेली. ती आता ‘कळ्या पाडल्या’ असं म्हणते, तेही अगदी आपल्यासारखं!

आमचा गट उभा राहिला त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘गप्पा मारायला या’ असं बोलावलं तेव्हा पाच जणी आल्या, त्यातल्या दोघी पुन्हा फिरकल्या नाहीत. घरून सोडतच नव्हते. मग महिन्याला शंभर रुपये बचत आणि मंगळवारी तीन वाजता हिशेब, असं ठेवलं. ‘हप्ता भरायला जाते’ म्हटलं की सासूही अडवत नाही, नवराही नाही! बाईला मैत्रिणीकडे जायलासुद्धा कामाचं निमित्त लागतं, याचा मला अजूनही राग येतो. पण निमित्त चालतंय तोवर आम्ही ते वापरणार. हिशेब पंधरा मिनिटांत संपतो आणि पाच वाजेपर्यंत कोणी उठत नाही. जिच्या दारावर मध्यरात्री थाप मारावी अशी निदान एक ओळख प्रत्येकीला असावी, एवढीच आमची अपेक्षा.

तेव्हा मुलीचं घर बघायला आलात तर जरा जिन्यातून चालत जा. शेजारच्या दोन दारांवर स्वतः बेल वाजवून ‘आमची मुलगी इथे येतेय’ म्हणून सांगा, सोबत लाडूचा डबा द्या. जवळपास बचत गट, भजनी मंडळ कुठे भरतं ते विचारा. जावयाला ते ठाऊक नसेल, समोरच्या किराणावाल्याला नक्की असतं.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत सध्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. पार्किंग कोणाला किती, यावर तीन सभा झाल्या. तळमजल्यावर बायकांना बसायला एक खोली हवी, खिडकी असलेली, असा अर्ज तिथल्या सतरा जणींनी सह्या करून दिला आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो सर्वांत शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ यात आला आहे. सतराही जणी सभेला जाणार आहेत.