हातातला फोन आणि फोनमागचा हात

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात केंद्र शासनाने २०१९ साली दुरुस्ती केली आणि वाहन चालवताना हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर हा कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्राने आरंभी हात आखडता घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र तडजोड-शुल्काचे दर ठरले. दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि ‘इतर’ वाहनांना ४,००० रुपये. कायदा आला, दर आले, रस्त्यावर पावत्या फाटू लागल्या. परंतु चालकाच्या हातात फोन का येतो आणि तो कोण आणतो, हा प्रश्न ना संसदेने विचारला, ना मंत्रालयाने.

त्याचे उत्तर नामपूरच्या बाजार आवारात मिळते. मोसम खोऱ्यातील कांदा घेऊन ट्रॅक्टर आणि पिकअप पहाटेपासून तेथे येतात. आज नामपूर, सटाणा, उमराणे की थेट लासलगाव, याचा निर्णय शेतकरी फोनवर येणाऱ्या भावावरून करतो, आणि तो भाव अनेकदा वाटेतच कळतो. दिल्लीतील एका अधिसूचनेने दिवसभरात बाजार कोसळतो, हे डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने नाशिक जिल्ह्याला शिकवले आहे. लिलावानंतर माल भरून निघणाऱ्या पिकअपच्या चालकाची मजुरी बहुधा खेपेवर असते. मालक विचारतो, ‘कुठे पोचलास?’ व्यापारी विचारतो, ‘अजून किती वेळ?’ फोन उचलला नाही तर पुढची खेप दुसऱ्याला जाते. उचलला तर ताहाराबाद किंवा मालेगावच्या वाटेवर पावती. दोन्हीकडून तोटा त्याचाच. अवजड वाहनाचा धोका मोठा, म्हणून त्याचा दर मोठा, हे तत्त्व मान्य करता येईल. पण तो दंड शेवटी कोणाच्या पगारातून कापला जातो, हे कोणत्याही चालकाला विचारावे.

यावरून काही मित्र असा निष्कर्ष काढतात की, हा कायदा गरिबांवरील जुलूम आहे, तो रद्दच करावा. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चळवळीने तो स्पष्टपणे नाकारला पाहिजे. वाहन चालवताना फोनवर बोलणाऱ्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे टोरांटो येथील संशोधनाने १९९७ मध्येच दाखवले. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार जवळजवळ निम्मे होते आणि पायी चालणारे पाचवा हिस्सा. म्हणजे पिकअपखाली सापडणारा माणूसही त्याच वर्गाचा असतो. चालकाची लाचारी समजून घेणे हे कर्तव्य आहे. त्या लाचारीची किंमत सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीने चुकवावी, असे म्हणणे म्हणजे समाजवाद नव्हे. बंदी राहिलीच पाहिजे. आक्षेप तिच्या अर्धवटपणाला आहे.

तो अर्धवटपणा तीन ठिकाणी उघडा पडतो. पहिला, ‘हातात धरलेले’ या शब्दांत. टोरांटोच्या त्याच संशोधनात, फोन हातात न धरता बोलणाऱ्यांनाही कोणतीच अधिक सुरक्षितता आढळली नाही. कारण धोका हाताच्या गुंतण्यापेक्षा चित्ताच्या गुंतण्यात असतो. तरीही किमती मोटारीतील ध्वनियंत्रावरून कंपनीची बैठक चालवणारा साहेब कायद्याच्या लेखी निर्दोष, आणि कानाला दहा सेकंद फोन लावणारा ट्रॅक्टरवाला गुन्हेगार!

दुसरा, मालकाच्या बाबतीत. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट मार्गावरील ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे प्रवाशाने उघडकीस आणले. चालकाचे वर्तन अक्षम्यच होते आणि त्याची नोकरी गेली. परंतु तो ज्या खाजगी कंत्राटदार कंपनीचा नोकर होता, तिला दंड झाला ५,००० रुपये. एका बाजूला संपूर्ण उपजीविका, दुसऱ्या बाजूला किरकोळ खर्चाची एक नोंद. शहरांत घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणांची अवस्था याहून विचित्र आहे. त्यांना कामाचा हुकूम फोनवरच येतो आणि तो तत्काळ स्वीकारावा लागतो. फोन पाहणे हा गुन्हा. पण चालत्या दुचाकीवरील माणसाला हुकूम धाडणे हा मात्र व्यापार!

तिसरा, रस्ता बांधणाऱ्याच्या बाबतीत. याच २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आणले. रस्त्याच्या आखणीत वा देखभालीत ठरलेले मानक न पाळल्याने माणूस मेला, तर अधिकारी वा कंत्राटदाराला शिक्षा जास्तीत जास्त १ लाख रुपये दंड. तुरुंगाचे नाव नाही. शेजारच्या देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ २८ जानेवारी २०२० रोजी बस आणि रिक्षा रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळून पंचवीसवर माणसे गेली. टक्कर कशामुळेही झालेली असो, रस्ता आणि विहीर यांच्यामध्ये वाहन थोपवील असा अडसर नव्हता, हे उघड आहे. फोन कानाला लावणाऱ्यास वर्षभराची कैद होऊ शकते. रस्त्याच्या दोषाने माणसे मारणाऱ्यास होऊ शकत नाही. कायद्याची तागडी कोणत्या बाजूला झुकते, हे सांगण्यास याहून अधिक पुरावा नको.

उपाय अज्ञात नाहीत. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांनुसार अवजड वाहनाच्या चालकाचे वेतन अंतराशी वा मालाच्या प्रमाणाशी अशा रीतीने जोडता येत नाही की ज्यामुळे रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येईल. भारतातही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेला मालक त्यातून सुटत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने ती पाचाची अट दहावर नेली. सुधारणेच्या नावाखाली पळवाट रुंद करण्यात आली. नामपूरच्या एक-दोन पिकअपच्या मालकाचा चालक कालही कायद्याबाहेर होता. आज तर त्याच्याहून मोठ्या मालकांचे चालकही बाहेर पडले आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कामाच्या फोनमुळे गुन्हा घडला असेल, तर मालक व कंपनी सहआरोपी ठरावेत आणि दंड मजुरीतून कापण्यास बंदी असावी. खेपेवरील मजुरीऐवजी कामगारसंख्येची अट न ठेवता तासांवर किमान वेतन मिळावे. बंदी सर्व फोनांना लागू व्हावी, मग ते हातात असोत वा मोटारीच्या यंत्रात. कलम १९८-अ मध्ये कैदेची तरतूद यावी.

दिल्लीला हे ऐकू जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. चालत्या वाहनावरील चालकाला मालक वा व्यापारी फोन करणार नाही आणि फोन उचलला नाही म्हणून कोणाची खेप जाणार नाही, असा करार चालक, हमाल आणि शेतकरी यांच्या संघटनांनी एकत्र येऊन बाजार आवारातच घडवून आणता येईल. त्याला ना वटहुकूम लागतो, ना अनुदान. कार्यकर्त्यांनी सुरुवात तेथून करावी.