कॅमेऱ्याची उंची कोण ठरवणार?

गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यातली आपली मुले आता लघुपट काढू लागली आहेत. विषय आपलेच असतात : ऊसतोडीला गेलेले आईबाप, बंद पडलेली वस्तीशाळा, गावकुसाबाहेरची पाण्याची पाळी. या मुलांबद्दल आपल्या चळवळीत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "विषय आपला आहे ना, मग तंत्र कसेही चालेल." दुसरा म्हणतो, "ड्रोन नाही, मोठा कॅमेरा नाही, मग कसला सिनेमा?" आमच्या मते हे दोघेही एकच चूक करतात. तंत्र ही दुसऱ्या कुणाची तरी मालमत्ता आहे असे दोघांनीही मनातून मान्य करून टाकलेले आहे.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला. पुढे चळवळीने स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. आपले म्हणणे दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहिले तर ते कधीही बंद पाडता येते, हे त्यामागचे साधे गणित होते. आज छापखान्याच्या जागी मोबाईल आहे. यंत्र हातात आले, पण ते चालवण्याची विद्या हातात आली काय, हा खरा प्रश्न आहे.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. जमिनीवर बसलेल्या आजीची मुलाखत मुलगा उभा राहून घेतो. चित्रात आजी खाली आणि बघणारा वर. आजी काय बोलते ते बाजूलाच राहते, चित्र मात्र सांगून टाकते की ही बाई दयेस पात्र आहे. सरकारी मदतवाटपाच्या फोटोंमध्ये आपण वर्षानुवर्षे असेच दिसत आलो. तेव्हा आजीसमोर मांडी घालून बसा आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा भर दुपारच्या आभाळासमोर सावळा माणूस उभा केला की ऑटो मोडमधला मोबाईल मागचा उजेड मोजतो आणि माणसाचा चेहरा काळा ठिक्कर करून टाकतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड तिथे लॉक करा, शक्य असेल तर माणसाला दाराच्या सावलीत घ्या. ब्यूटी फिल्टर बंद करा. पूर्वी रंगीत फोटोंची छपाई गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून समोर ठेवून जुळवली जात असे. त्या नमुन्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. म्हणजे यंत्रसुद्धा कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असते. आपल्या माणसांना गोरे करून दाखवणारा फिल्टर लावायचा आणि वर समतेचा संदेश द्यायचा, हे कसे जमणार?

आता आवाज. आपले बहुतेक लघुपट इथेच मार खातात. मोबाईल दहा फुटांवर, मध्ये कुलरची घरघर, आणि मग ऐकू येत नाही म्हणून वरून रडके संगीत! उपाय सोपा आहे. दुसरा मोबाईल रेकॉर्डर म्हणून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे संकलनात चित्र आणि आवाज जुळवता येतात. पंखा, कुलर बंद करा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज घ्या, तुकडे जोडताना तो कामाला येतो. उसाच्या फडाचा लघुपट करत असाल तर कोयत्याचा आवाज जवळून घ्या. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दळताकांडताना गाणे म्हणणाऱ्या बाईच्या गावाला, कष्टाचा स्वतःचा आवाज असतो हे वेगळे सांगायला नको.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुक्कर पकडता पकडता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. भाषण नाही, टिप्पणी नाही, फक्त एक आवाज. 'सैराट'च्या शेवटी तर आवाजच काढून घेतला आहे. हे दिग्दर्शक आभाळातून पडले नाहीत. त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट अहमदनगरच्या कॉलेजात शिकत असतानाचा, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

संकलन म्हणजे नुसती कापाकापी नव्हे. रशियातल्या कुलेशॉव यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की एकच चेहरा, पण पुढे ताट दाखवले तर तो भुकेला वाटतो आणि शवपेटी दाखवली तर दुःखी. म्हणजे अर्थ दोन तुकड्यांच्या जोडात असतो. वाहिन्या मोर्च्याची हजारो माणसे सोडून एक फुटलेली काच पुन्हा पुन्हा दाखवतात, तेही संकलनच! म्हणून आपल्या माणसाचे वाक्य अर्ध्यात कापू नका, आणि त्याच्या तोंडी नसलेला अर्थ जोडून चिकटवू नका.

जपणूक हाही तंत्राचाच भाग आहे. आनंद पटवर्धन यांनी शाहीर विलास घोगरे यांना १९८०च्या दशकात चित्रित केले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचा जीव गेला आणि त्यानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. पुढे चौदा वर्षे चित्रण करत २०११ मध्ये 'जयभीम कॉम्रेड' पूर्ण झाला. जुने चित्रण जपले नसते तर तो शाहीर नंतरच्या पिढीला दिसलाच नसता.

आणि आपल्या जिल्ह्याला हे कुणी सांगायची गरज उरलेली नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावले. त्या दिवसांत वस्त्यांमधले मोबाईलचे व्हिडिओ राज्यभर फिरले. पण व्हॉट्सअपवर फिरलेला व्हिडिओ दाबला जातो, त्यातली वेळेची आणि उपकरणाची माहिती गळून पडते. म्हणून मूळ फाईल त्याच मोबाईलमध्ये राहू द्या, तिला कात्री लावू नका, दोन ठिकाणी प्रत ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. ज्याने चित्रण केले तो माणूस आणि ते उपकरण सापडले पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, आम्ही लढायचे की कॅमेरा शिकायचा? आम्ही विचारतो, न ऐकू येणारी साक्ष आणि न दिसणारा चेहरा घेऊन कोणती लढाई जिंकता येते?

म्हणून येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. दोन कॉलर माईक, एक तिपाई आणि एक हार्ड डिस्क घ्या, विहारात ठेवा, आणि वस्तीतल्या कोणत्याही मुलामुलीला नाव नोंदवून नेऊ द्या. तयार झालेले लघुपट विहारातच दाखवा. नुसत्या टाळ्या वाजवू नका. आवाज कुठे फुटला, कॅमेरा कुठे वरून बघत होता, ते त्या मुलांना तोंडावर सांगा.

जयभीम!