अपराध उंदराचा, शिक्षा सर्वांस

सन २०१८ च्या मार्च महिन्यांत श्रीयुत एकनाथ खडसे यांनीं विधानसभेंत मंत्रालयांतील उंदरांचा हिशेब काढला, तो आमचे वाचक विसरले नसतील. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले, असें कागदोपत्रीं दिसत होतें. हें कसें शक्य झालें, असा त्यांचा सवाल होता. मागाहून सरकारपक्षाकडून खुलासा झाला कीं, हा आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा आहे. लोक हंसले आणि प्रकरण मिटलें. आमच्या मतें तें तेथें मिटावयास नको होतें. गोळ्या जर तीन लाखांवर टाकल्या, तर त्या खाल्ल्या कोणीं? उंदरानें, मांजरानें, कीं कोणींच नाहीं? हा प्रश्न कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

मंत्रालयापेक्षां हा प्रश्न बोनकोड्यासारख्या गांवास अधिक लागू आहे. ठाणें खाडीच्या बाजूचें हें जुनें गांव. सिडकोच्या नव्या शहरानें त्यास चोहोंकडून वेढलें आणि गांवठाणांतील घरें एकमेकांस खेटून उभीं राहिलीं. जवळच तुर्भ्यास बाजार समितीचा दाणाबाजार आहे. तो मुंबईच्या मशीद बंदर-मांडवीकडून इकडे आला. मांडवीचें नांव आम्ही सहज घेत नाहीं. सन १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकाशियो व्हिएगस यांस प्लेगचे पहिले रोगी आढळले ते ह्याच मांडवींत, धान्याच्या वखारींच्या शेजारीं. पुढील वर्षीं पुण्यास रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोऱ्या शिपायांनीं घरोघर शिरून जो धिंगाणा घातला, तो सर्वश्रुत आहे. पॉल-लुई सिमाँ यांनीं कराचींत प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसवेचा गुन्हा शाबीत केला तो त्यानंतर, सन १८९८ मध्यें. म्हणजे अपराधी कोण हें कळण्यापूर्वींच शिक्षेची अंमलबजावणी झाली होती! सरकार परकी होतें म्हणून तसें झालें, असें म्हणून आपण आजवर समाधान मानीत आलों. परंतु आज राज्य आपलें असतां आपल्याच घरांत काय चाललें आहे?

उंदीर मारूंच नये, असें म्हणणारे कांहीं व्यापारी बंधु आहेत. त्यांच्या जीवदयेचा आम्हांस आदर आहे. परंतु सन २००५ च्या २६ जुलैच्या महापुरानंतर उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून मुंबईंत लेप्टोची जी साथ आली, ती त्यांनीं स्मरावी. उंदीर मारलाच पाहिजे. वाद आहे तो मारण्याच्या साधनाविषयीं.

बाजारांत मिळणारीं साधनें पाहावींत. पिवळ्या फॉस्फरसचा लगदा टोमॅटोला किंवा पावाला फांसून ठेवतात. तो पोटांत गेल्यास यकृत निकामी होतें आणि त्यावर उतारा नाहीं. सन २०२२ च्या जुलैंत मालाडास एका गृहिणीनें उंदरासाठीं ठेवलेला असाच टोमॅटो चुकून आपल्या खाण्यांत घातला आणि ती प्राणास मुकली. झिंक फॉस्फाइडचा पोटांत विषारी वायु होतो. तो उंदीर आणि मूल यांत भेद करीत नाहीं. ब्रोमाडायोलोन त्या मानानें सौम्य म्हणावयाचें. रक्त गोठणें बंद होऊन उंदीर चारसहा दिवसांनीं मरतो, आणि माणसासाठीं जीवनसत्त्व ‘के’ हा उतारा आहे. पण त्या चारसहा दिवसांत विष अंगांत घेऊन फिरणारा उंदीर मांजराच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या तोंडीं पडतो. म्हणजे उंदरांचा जो नैसर्गिक शत्रु, त्यासच आपण विष घालतों.

मग केवळ उंदीरच मरेल असें विष नाहींच काय? आहे. उंदरास वांती होत नाहीं. भूमध्यसमुद्राकांठच्या लाल रानकांद्याचें चूर्ण मनुष्य, कुत्रें, मांजर ओकून टाकतात आणि वांचतात. उंदरास तें बाहेर टाकतां येत नाहीं. आमच्या कोंकणांतला रानकांदा त्याच कुळांतला. सन १९६४ च्या सुमारास अमेरिकेंत नॉर्बोरमाइड नांवाचें द्रव्य निघालें. तें उंदराच्या रक्तवाहिन्या आवळून त्यास मारतें; कुत्र्यामांजरांस त्या मात्रेनें कांहींच होत नाहीं. तरीहि दोन्हीं द्रव्यें मागें पडलीं. अडचण निघाली ती उंदराच्या जिभेची! रानकांदा कडू, नॉर्बोरमाइडची चव वाईट आणि परिणाम फार जलद. उंदीर नवा पदार्थ प्रथम किंचित् चाखून पाहातो. लगेच अस्वस्थ वाटलें कीं पुन्हां त्यास शिवत नाहीं. मरण्याइतकें विष पोटांत जाण्यापूर्वींच तो पानावरून उठतो. न्यूझीलंडांतील रसायनशास्त्रज्ञांनीं ह्यावर तोड काढण्याचा प्रयत्न केला. नॉर्बोरमाइडच्या रेणूस त्यांनीं अशी जोड दिली कीं, तोंडांत चव कळूं नये आणि पोटांत गेल्यावर ती जोड सावकाश सुटून विष मोकळें व्हावें. दिशा हीच योग्य, असें आम्हांस वाटतें.

परंतु न्यूझीलंडची गोळी जशीच्या तशी तुर्भ्यास आणून भागणार नाहीं. नॉर्बोरमाइड गटारांतल्या तपकिरी उंदरास जितकें लागू पडतें तितकें काळ्या घरउंदरास नाहीं. आणि आमच्या वखारींतून तर घुशी आहेत, त्यांची जातच निराळी. ही परीक्षा येथेंच झाली पाहिजे. खासगी कारखानदार ती आपण होऊन करील, ही आशा आम्ही धरीत नाहीं. सर्वांस मारणारें विष सर्वत्र खपतें. एकाच जातीस मारणारें थोडें खपावयाचें, आणि नोंदणीचा खटाटोप मात्र दोहोंस सारखाच.

कायदा ह्या कामीं आड येत नाहीं. सन १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या ९ व्या कलमान्वयें नोंदणी करतांना, विष गुणकारी आहे कीं नाहीं एवढेंच नव्हे, तर मनुष्यास व इतर प्राण्यांस तें कितपत निर्धोक आहे, हेंहि पाहावयाचें असतें. परळची हाफकिन संस्था सन १८९९ मध्यें प्लेगच्या संशोधनासाठींच निघाली. दापोलीस कोंकणचें कृषि विद्यापीठ आहे. आणि उंदरांचा तोटा तुर्भ्यास नाहीं! बाजार समितीनें आपल्या उत्पन्नांतून थोडी रक्कम ह्या प्रयोगासाठीं काढून ठेवावी. दाणेवाल्यांनींच ही मागणी प्रथम करावी, कारण पोतीं त्यांचीं कुरतडलीं जातात. तोंपर्यंत नवी मुंबई महानगरपालिकेनें मूषकनियंत्रणाच्या ठेक्याच्या बिलांत एक रकाना वाढवावा: आमिष किती घातलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांतलें खाल्लें गेलें किती. हा रकाना कोरा असेल तें बिल पास करूं नये.