उपाय माहीत आहेत, मग संशोधन कशाला?

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावाच्या रोजच्या अडचणींवर संशोधन व्हावं असं म्हटलं, की दोन वेगवेगळ्या बाजूंनी जवळपास एकच उत्तर येतं. विद्यापीठातली मंडळी म्हणतात, हे संशोधन नाही, हे विस्तारकार्य आहे. संशोधन म्हणजे निसर्गाचा नवा नियम शोधणं. सरकारी खाती म्हणतात, संशोधन कधीचंच झालं आहे, लोक ऐकत नाहीत एवढीच अडचण आहे. फवारताना अंग झाकावं, सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा खाऊ नये, ओला कापूस बाजारात आणू नये. यात नवं शोधण्यासारखं काय उरलं? दोन्ही उत्तरांच्या तळाशी एकच समज आहे: ज्ञान दुसरीकडे तयार होतं आणि गावाने ते फक्त स्वीकारायचं असतं. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत यवतमाळ जिल्ह्याने माणसांच्या जिवाने मोजली आहे. म्हणून त्याचं खंडन नुसत्या तत्त्वाच्या पातळीवर करून भागणार नाही. ते पुराव्यानिशी करायला हवं.

२०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत, यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या काळात सर्वाधिक ऐकू आलेलं स्पष्टीकरण म्हणजे शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही. पण हीच माणसं याच शिवारात कित्येक वर्षं फवारणी करत आली होती, आणि अंग झाकण्याची सवय त्यांना आधीही नव्हती. मग त्याच वर्षी एवढे लोक का पडले? ‘निष्काळजीपणा’ या उत्तरात या प्रश्नाला जागाच नाही, कारण निष्काळजीपणा दरवर्षीचा होता आणि मृत्यू त्या वर्षीचे. वेगळं काय होतं ते पाहिलं की चित्र बदलतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याचं तोंड खाली राहण्याऐवजी वर धरावं लागत होतं आणि तुषार चेहऱ्यावर, छातीवर येत होते. हातपंपाच्या जागी बॅटरीवर चालणारे पंप आले होते. त्यांचे थेंब बारीक, आणि बारीक थेंब हवेत जास्त वेळ राहतो, श्वासावाटे आत जातो. गुलाबी बोंडअळी बीटी वाणांना दाद देईनाशी झाली होती आणि रस शोषणाऱ्या किडींचाही जोर होता, म्हणून फवारण्या वाढल्या आणि एकाच पिंपात दोन-तीन औषधं मिसळली जाऊ लागली. त्यात दमट उकाडा; घामाने भिजलेल्या कातडीतून विष लवकर शिरतं.

यातली प्रत्येक गोष्ट हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं आजही कुठल्या पुस्तकात तयार ठेवलेली नाहीत. प्रोफेनोफॉससारखं सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषध सायपरमेथ्रिनचं शरीरातलं विघटन मंदावतं, त्यामुळे दोन्ही मिळून बेरजेपेक्षा जास्त विषारी ठरू शकतात, हे प्रयोगशाळेला ठाऊक आहे. पण कीटकनाशकाची नोंदणी एकेका उत्पादनाची होते; कास्तकार पिंपात जे एकत्र करतो त्याची होत नाही. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, ऑगस्टच्या उकाड्यात, बॅटरीच्या पंपाने दोन तास फवारल्यावर मजुराच्या कातडीवर किती औषध बसतं, हे मोजायचं तर दारव्ह्याच्या शेतातच मोजावं लागेल. दवाखान्यातही तेच. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेवर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम देतात. डायफेनथियुरॉनसारख्या औषधावर मात्र नेमका उतारा नाही. बेशुद्ध मजुरासोबत बाटली येत नाही, नातेवाईक नुसतं ‘औषध’ एवढंच सांगतात. अशा वेळी सेंद्रिय फॉस्फरसच्या विषाने घटणारं रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजणारी चाचणी तालुक्याच्या पातळीवर काही मिनिटांत कशी करता येईल, हा प्रश्न कोणाचा जीव वाचणार हे ठरवणारा आहे. याला विस्तारकार्य म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी आधी त्याचं उत्तर दाखवावं.

‘उपाय माहीत आहे, लोक पाळत नाहीत’ या म्हणण्याची सर्वांत स्वच्छ परीक्षा संरक्षक कपड्यांपाशी होते. कीटकनाशक अधिनियम १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत हे त्या नियमांत लिहिलेलं आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ नियम आहे आणि शेतात कपडा नाही. लोक हट्टी आहेत म्हणून असं झालं, असं म्हणणाऱ्याने विदर्भातल्या पावसाळी उकाड्यात हवा न जाणारा प्लास्टिकचा अंगरखा घालून दोन एकर फवारण्याचा विचार करून पाहावा. तो कपडा विषापासून वाचवतो आणि उष्माघाताच्या दारात नेऊन सोडतो. मजूर तो काढून टाकतो, हा त्याचा अडाणीपणा नाही. तो निर्णय त्याच्या शरीराने घेतलेला असतो. ज्या उपायाचा वापर होऊ शकत नाही तो उपाय अपुरा आहे, आणि अपुरा उपाय पुरा करणं हेच संशोधन. हे बंगळुरूच्या इनस्टेम या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओळखलं. कातडीवर लावल्यावर फॉस्फरसयुक्त विषाचे रेणू तिथेच तोडणारा एक मलम त्यांनी आधी तयार केला आणि त्यावरचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच रसायनाची तत्त्वं सुती कापडावर उतरवून, धुऊन पुन्हा वापरता येईल असा पोशाख ‘किसान कवच’ या नावाने डिसेंबर २०२४ मध्ये लोकांसमोर आला. म्हणजे हवा अडवायची नाही, विष अडवायचं. ही कल्पना फवारणाऱ्याची अडचण नीट समजून घेतल्याशिवाय सुचली नसती. मात्र इथेही काम संपलेलं नाही. त्या पोशाखाची किंमत ४,००० रुपये जाहीर झाली. औषध विकत घेतो शेतमालक, श्वासात घेतो रोजंदारीवरचा मजूर. मग हे चार हजार कोणी द्यायचे, आणि मालकाने दिलेला कपडा दहा मजुरांत फिरला तर तो किती दिवस काम देतो? रसायनशास्त्राने अर्धं उत्तर दिलं. उरलेलं अर्धं बोरी अरबच्या मजुरीच्या व्यवहारात आहे, आणि तो व्यवहार अभ्यासल्याशिवाय हा कपडा गोदामात पडून राहील.

आता शुद्ध विज्ञानवाद्यांच्या आक्षेपाकडे वळू. मूलभूत संशोधन आधी, त्यातून तंत्रज्ञान, त्यातून समाजाचा लाभ, ही शिडी अमेरिकेच्या व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ च्या अहवालात ठसठशीतपणे मांडली आणि जगभरच्या विज्ञानधोरणांनी ती उचलली. इतिहास मात्र या शिडीवरून नेहमी चढत नाही. १९०१ साली फ्रेडरिक मके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायाला गेला, तेव्हा गावकऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग होते. हे डाग का पडतात, एवढाच त्याचा प्रश्न. त्या एका गावच्या प्रश्नाचा तीस वर्षं पाठपुरावा झाला आणि १९३१ मध्ये पाण्यातलं फ्लोराइड हे कारण हाती लागलं. दंतशास्त्राच्या विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांपैकी हा एक शोध, आणि तो एका दवाखान्याच्या खुर्चीपाशी सुरू झाला. तोच प्रश्न आपल्या दाराशीही आहे: यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या पांढरकवड्यासारख्या भागात भूजलातल्या फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर असेच डाग दिसतात, आणि पाण्यातून फ्लोराइड काढण्याची तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली होती.

याहून बोलका दाखला मुंबईचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे भारतातल्या शुद्ध विज्ञानाचं माहेरघर. तिच्या नावातच ‘मूलभूत’ आहे. त्याच संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी मिळून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू कोणत्या प्रकारे वापरली की तोंडात कोणता विकार दिसतो, हे जगाला अशा पाहण्यांतून कळलं. या कामाला दुय्यम म्हणण्याची हिंमत आज कोणी करणार नाही. मग तेच काम आज विदर्भात खर्ऱ्यावर करायचं म्हटलं की ते दुय्यम कसं ठरतं?

खर्रा खाऊ नये, हे सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तरी वऱ्हाडात टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिला जातोच, आणि विशी-पंचविशीतल्या पोरांची तोंडं दोन बोटांहून जास्त उघडत नाहीत. फवारणीला किंवा कापूस वेचायला जाणारा माणूस सकाळी काय खाऊन निघतो, खर्ऱ्याने भूक किती तास मरते, मजुरीच्या बोलीत खर्रा धरलेला असतो का, बाया तो कोणत्या वयात सुरू करतात, हे विचारल्याशिवाय खर्रा कसा सोडवायचा ते कळणार नाही. शिवाय तोंड वेळेवर पाहायला दंतवैद्यच लागतो, हाही समज खोटा ठरला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. बोरी अरबच्या आशा कार्यकर्तीला हे शिकवता येईल का, तिच्या आधीच भरलेल्या कामात ते बसेल का, संशयित रुग्ण नागपूरपर्यंत पोचेल का? केरळचा अनुभव इथे आपोआप लागू होत नाही. तो लागू करून मोजावा लागतो.

काही जण म्हणतील, हे सगळं बाजारावर सोडा. गरज असेल तर कंपन्या शोधतील. कंपन्या शोधतात, पण विकता येईल तेच. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. भारतात ते संकरित बियाण्यांतूनच विकलं गेलं, कारण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. त्यातून लांब मुदतीची कपाशी आली आणि अळीला शिवारात जास्त महिने खायला मिळालं. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्याच सरक्यांत विष सारखं नसतं, त्यामुळे अळीत प्रतिकारशक्ती लवकर वाढते, असा इशारा केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी दिला होता. कमी मुदतीचं, सरळ वाणाचं, घरचं बियाणं ठेवता येणारं पीक शोधण्यात कोणत्या बियाणे कंपनीचं हित आहे? ते काम अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं आणि नागपूरच्या कापूस संस्थेचंच आहे. खरेदीचंही असंच. कापसाची खरी किंमत त्यातून निघणाऱ्या रुईच्या उताऱ्यात आणि धाग्याच्या लांबीत असते, पण गावात व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन भाव सांगतो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे कटती, १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. ओलावा मोजणारं यंत्र कोणाच्या हातात आहे, यावर शेतकऱ्याचा पैसा ठरतो. गाडी भरण्याआधी घरच्या अंगणातच ओलावा आणि उतारा विश्वासाने मोजता येईल असं स्वस्त साधन व्यापाऱ्याला नको आहे. ते कास्तकाराला हवं आहे, आणि ज्याला हवं आहे त्याच्याकडे संशोधनाला पैसा नाही. सार्वजनिक संशोधनाची जागा नेमकी इथे आहे.

एका गावाचं निरीक्षण जगाला काय शिकवणार, हा आक्षेप गंभीर आहे. त्याला गडचिरोलीने उत्तर दिलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांमार्फत घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापलं आणि २०११ मध्ये ती पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली. स्थानिक काम सार्वत्रिक ठरतं, पण एका अटीवर: ते तुलनेच्या गावांसह, ठरलेल्या मोजमापाने, पुन्हा पुन्हा झालेलं असावं. ही अट आपल्याकडचे अनेक प्रबंध पाळत नाहीत, हे खरं आहे. शंभर प्रश्नावल्या वाटून, टक्केवारीचे तक्ते लावून पदवी मिळवण्याचा जो रिवाज पडला आहे, त्याने उपयोजित संशोधनाची बदनामी केली. ती बदनामी मान्य करूनही निष्कर्ष उलटा निघतो. हे संशोधन कमी व्हावं असं त्यातून सिद्ध होत नाही, ते कठोर व्हावं एवढंच सिद्ध होतं. कारण त्याच्या चुकीचा भुर्दंड परीक्षकाला नाही, शेतात उभ्या असलेल्या माणसाला बसतो.

अमरावती विद्यापीठ, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, नीरी आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था हे सगळं बोरी अरबपासून एका दिवसाच्या प्रवासात आहे. माणसं आहेत, प्रयोगशाळा आहेत. या संस्थांनी मिळून दारव्हा तालुक्यातली काही गावं निवडावीत, फवारणीच्या पाच महिन्यांत मजुरांच्या रक्ताची, तोंडांची आणि कापसाच्या ओलाव्याची मोजणी करावी, पाच वर्षं तीच गावं सोडू नयेत, आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापण्याआधी मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावेत. संशोधन निधी मागणाऱ्या प्राध्यापकाला समितीने पहिला प्रश्न विचारावा तो असा: हा प्रश्न तुम्हाला कोणत्या गावात, कोणाकडून कळला? येत्या खरिपाची पेरणी होण्याआधी हे काम सुरू व्हायला हवं.