तीनशे नव्वद गावे, चोवीस फाटे

मस्कतच्या विमानतळावरून रुवीकडे निघाले की वाटेत अल् घुब्रा लागते. सुलतान काबूस मार्गाने या वस्तीचे सरळ दोन भाग केले आहेत. उत्तर घुब्रा समुद्राच्या अंगाला, दक्षिण घुब्रा डोंगराच्या. भारतीयांची इथे बरीच वस्ती, त्यात मराठी कुटुंबेही आहेत. मुलाकडे पहिल्यांदाच आलेले आई-वडील गाडीत बसतात आणि त्यांचा पहिला उद्गार निघतो तो रस्त्याबद्दल. खड्डा नाही, टोलनाका नाही, दुभाजकावर वाळवंटातही फुलझाडे. दुसरा उद्गारही ठरलेला: रस्ते असे झाले तर आपल्याकडे गरिबी राहीलच कशी?

हा भाबडेपणा फक्त पाहुण्यांचा असता तर प्रश्न नव्हता. आपल्या राज्यकर्त्यांचे धोरणही हल्ली याच वाक्यावर उभे आहे. अमेरिका श्रीमंत म्हणून तिचे रस्ते चांगले नव्हेत, तर रस्ते चांगले म्हणून अमेरिका श्रीमंत, हे केनेडी यांच्या नावावर खपवले जाणारे विधान नितीन गडकरी यांच्या भाषणात हमखास येते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या नावातच समृद्धी आहे आणि शक्तिपीठ महामार्गाचे समर्थनही मराठवाड्याच्या मागासलेपणाचा हवाला देऊन केले जाते. तेव्हा ज्या ओमानचा दाखला लोक सहज देतात तिथे नेमके काय घडले, हे एकदा नीट पाहायला हवे.

१९७० साली अख्ख्या ओमानमध्ये डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. शाळा तीन, त्यात नऊशेच्या आसपास मुलगे, मुली शून्य. औषधोपचाराची भिस्त अमेरिकी मिशनच्या मत्रहमधल्या इस्पितळावर. सूर्य मावळून तीन तास झाले की मस्कत शहराचे दरवाजे बंद व्हायचे. गंमत अशी की पैसा तेव्हाही होता. तेलाची निर्यात १९६७ मध्येच सुरू झाली होती. पण सुलतान सईद बिन तैमूर यांना खर्चाचे वावडे होते आणि प्रजा हिंडू-फिरू लागली तर बिघडेल अशी धास्तीही. २३ जुलै १९७० रोजी त्यांचे चिरंजीव काबूस यांनी त्यांना पदच्युत केले. त्यानंतर रस्ते झाले हे खरेच. त्यातले काही दक्षिणेकडच्या दोफार प्रांतातले बंड मोडण्यासाठी झाले, हेही खरे. पण रस्त्यांबरोबर काय झाले? पाच-सहा वर्षांत शाळांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. झाडाच्या सावलीत का होईना पण वर्ग भरलाच पाहिजे, असे खुद्द सुलतानांचे म्हणणे होते. खेडोपाडी दवाखाने निघाले, विहिरी खोदल्या गेल्या. १९७६ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प याच घुब्र्यात चालू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या मानव विकास अहवालाने चाळीस वर्षांत सर्वाधिक प्रगती केलेल्या देशांत ओमानला पहिले स्थान दिले, तेव्हा त्याचे मोठे श्रेय शिक्षण आणि आरोग्याला गेले. म्हणजे नुसता तेलाचा पैसा होता तेव्हा गरिबी हटली नाही. ती हटली, कारण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर माणसाला काही तरी मिळत होते.

आणखी एक गोष्ट आकडेवारीत सापडणार नाही, ती गुरुवारी संध्याकाळी दिसते. ओमानात सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गुरुवारी कचेऱ्या सुटल्या की मस्कतमधून बाहेर पडणारे मार्ग गाड्यांनी भरून जातात: निझवाकडे, इब्राकडे, सूरकडे. आठवडाभर राजधानीत नोकरी करणारा ओमानी माणूस घरी निघालेला असतो. निझवा सुमारे दीडशे किलोमीटर. उंट-गाढवांच्या जमान्यात हा काही दिवसांचा प्रवास होता, आता रात्रीच्या जेवणाला माणूस घरी पोहोचतो. त्याचे खजुराचे झाड, त्याचे म्हातारे आई-वडील, त्याच्या फलजच्या, म्हणजे गावच्या पाटाच्या, पाण्याची पाळी, काहीच तुटले नाही. आपल्या गिरणगावातला कोकणी कामगार पिढ्यानपिढ्या गणपतीला आणि शिमग्याला, असा वर्षातून दोनदा घरी जायचा. त्याची शेती बायकोने आणि म्हाताऱ्यांनी रेटली आणि शेवटी पडीक गेली. शहरातली मजुरी आणि गावातले घर या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला सांभाळता येणे, हा गरिबाच्या दृष्टीने रस्त्याचा सर्वांत मोठा उपयोग. प्रकल्प अहवालात मात्र वाचलेले तास आणि वाचलेले डिझेल एवढेच मोजले जाते.

मात्र हे चित्र रंगवताना घुब्र्याच्या त्याच रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस विसरून चालणार नाही. त्याच्याकडे गाडी नाही. उत्तर घुब्र्यातून दक्षिणेला जायचे तर त्याला भर उन्हात पादचारी पूल गाठावा लागतो. शहरात जायचे तर तो वर्षानुवर्षे नारिंगी-पांढऱ्या ‘बैसा बस’ची, म्हणजे वाटेत हात दाखवून थांबवायच्या छोट्या सामायिक गाडीची, वाट बघत आला. ‘मुवासलात’च्या नावाने धडपणे सार्वजनिक बससेवा सुरू व्हायला २०१५ उजाडले. हा माणूस बहुधा भारतीय, पाकिस्तानी नाहीतर बांगलादेशी. आणि हे रस्ते त्याच्यासारख्यांनीच बांधले. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे, यावरूनच त्या उन्हाची कल्पना यावी. ओमानच्या महामार्गाने ओमानी माणसाला सोय दिली. हे रस्ते बांधणाऱ्याची गरिबी हटली ती त्यावरून प्रवास करून नव्हे, तर मजुरी गावाला पाठवून. खेड, दापोली, मंडणगडच्या खाडीकाठची आखाती पैशातून उभी राहिलेली घरे याची साक्ष देतील. कोकणातल्या त्या गावांनी महामार्गाची वाट पाहिली नाही, हे बरेच झाले. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला गेला आणि तेव्हापासून दर गणपतीला मंत्री खड्ड्यांची पाहणी करतात. याच महामार्गावर महाडचा सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसे गेली. तिथला नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आणले तर यंत्रणा हलते, एवढे त्यातून कळले.

मजुरीचा मुद्दा आपल्यालाही नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रस्ते झाले ते माणसे जगवण्यासाठी. ऐन भरात जवळपास पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. बायाबापड्या खडी फोडत होत्या, दुपारी सुकडी खात होत्या. त्यातले कित्येक रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, काही कुठेच पोहोचले नाहीत; पण रोजगार हमी योजना त्याच खडीतून निघाली. आजचा महामार्ग यंत्रे बांधतात. उरलेली जोखमीची कामे परप्रांतीय मजूर करतात. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धीचा गर्डर कोसळून वीस जण मेले, त्यांत बहुतेक बाहेरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले होते. रस्ता बांधण्यातून स्थानिक गरिबाला जे मिळायचे ते आता फारसे मिळत नाही, आणि मोबदला सातबारा असलेल्यालाच मिळतो. समृद्धीसाठी सरकारने पाचपट दर दिला, याबद्दल त्याचे कौतुकच. २०१६ मधली जमीन एकत्रीकरणाची योजना शेतकऱ्यांनी झिडकारल्यावर आलेले ते शहाणपण होते. पण त्याच शिवारात बटाईने कसणाऱ्याचे किंवा निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाईचे काम जमिनीबरोबर गेले आणि त्यांच्या हाती छदामही पडला नाही.

आता समृद्धीकडेच पाहू. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, सुमारे ३९० गावे. अभियांत्रिकी म्हणून तो देखणा आहे, यात वाद नाही. पण या ३९० गावांसाठी चढायला-उतरायला फाटे आहेत अवघे चोवीस. म्हणजे सरासरी तीस किलोमीटरला एक. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मज्जाव. वेगाच्या रस्त्यावर तो हवाच. तरी खेड्यातल्या गरिबाकडे जी वाहने असतात नेमकी तीच वर्ज्य असलेला हा रस्ता आहे, हे कबूल करायला काय हरकत आहे? मोटारीला सुरुवातीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे टोल होता, तो एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाला. फाट्यांजवळ कृषी समृद्धी केंद्रे, नवनगरे, शीतगृहे होतील, असे सांगितले गेले होते. गरिबाच्या वाट्याचा महामार्ग तोच होता, आणि तोच मागे राहिला.

अर्थशास्त्रज्ञांनी यावर काम केले आहे आणि निष्कर्ष सरसकट कोणाच्याच बाजूचे नाहीत. सुवर्ण चतुष्कोन महामार्गालगतच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात कारखानदारी वाढली, हे दिसून आले आहे. चीनमध्ये उलटेही दिसले: महामार्गाने मोठ्या शहरांना जोडले गेलेले मधले लहान जिल्हे औद्योगिक वाढीत मागे पडले, कारण शहरातला माल तिथवर स्वस्तात पोहोचू लागला. हे २०१४ मध्ये बेंजामिन फेबर यांनी दाखवले. शेंगेन फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताचा अभ्यास केला तेव्हा ग्रामीण गरिबी कमी करणाऱ्या सरकारी खर्चांत रस्ते पहिले आले, शेती संशोधन दुसरे. मात्र ते रस्ते खेड्यातले. चीनमध्येही त्यांना द्रुतगती मार्गांपेक्षा साध्या ग्रामीण रस्त्यांचा परतावा कितीतरी जास्त आढळला. तेव्हा ग्रामसडक झाली की काम झाले? तसेही नाही. अॅशर आणि नोवोसाद यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंतप्रधान ग्रामसडक योजनेचे रस्ते झालेल्या गावांची पाहणी आहे. शेती सोडून बाहेर मजुरीला जाणारे वाढले, पण शेतीचे उत्पन्न, घरातली मालमत्ता यांत म्हणावा तसा फरक पडला नाही. डांबर पोहोचले, मागोमाग बाकीचे पोहोचले नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एक बाई घरीच बाळंत झाली. जुळी दगावली. रक्तस्राव थांबेना म्हणून तिला झोळीत घालून घसरड्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागले. पालघर, नंदुरबार, मेळघाट इथून दर पावसाळ्यात अशी बातमी येते. नवे काही नाही, म्हणूनच तिचे काही वाटेनासे झाले आहे. मोखाड्याच्या दक्षिणेला, कसारा-इगतपुरीच्या डोंगरात, त्या वेळी समृद्धीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याचे काम चालू होते. बोगद्याचा पैसा पाड्याच्या रस्त्याकडे वळवला असता, असे बाळबोध गणित आम्ही मांडत नाही. सरकारी तिजोरी तशी चालत नाही. पण अधिकारी, कंत्राटदार, कर्जाची हमी, मुख्यमंत्र्यांचे दरमहा लक्ष, भूसंपादनाची घाई हे सगळे बोगद्याकडे होते आणि पाड्याकडे यातले काहीच नव्हते, एवढे तर म्हणता येईल?

गरिबाच्या चलनवलनासाठी अलीकडच्या काळातला सर्वांत परिणामकारक निर्णय रस्त्याचा नव्हताच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. गाड्या तुडुंब भरू लागल्या. बाजारला, माहेरी, तालुक्याच्या दवाखान्यात बायका जाऊ लागल्या. त्याला डांबराचा नवा थर लागला नाही. शेतातून गावाकडे येणाऱ्या पाणंद रस्त्यांचा प्रश्नही महामार्गाने सुटत नाही. ऊस असो की कांदा, माल शिवारातून निघताना पहिला अडतो तो गुडघाभर चिखलाच्या पाणंदीत. तिथे ट्रॅक्टर रुतला की भाव पडतो, मग पुढे सहापदरी असो की दहापदरी.

या पार्श्वभूमीवर पवनार ते पत्रादेवी असा, २०२५ च्या आखणीनुसार ८०२ किलोमीटरचा, शक्तिपीठ महामार्ग पुढे रेटला जात आहे. तेव्हाचा अंदाजे खर्च ८६ हजार कोटींहून अधिक. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी मंजूर केले. कोल्हापूरच्या बागायतदारांनी विरोध केला, तिथले संपादन निवडणुकीच्या तोंडावर थांबवले गेले, पुन्हा हालचाल सुरू झाली. हा महामार्ग होऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. मराठवाड्याला बंदराकडे नेणारी वाट हवी, हा युक्तिवाद पोकळ नाही. आक्षेप आहे तो गरिबीच्या नावाने तो खपवण्याला. ओमानने तेलाच्या पैशातून बांधले आणि वापरणाऱ्याकडून टोल घेतला नाही. आपण कर्ज काढून बांधणार आणि टोलमधून फेडणार. असा रस्ता टोल देऊ शकणाऱ्यांसाठीच आखला जातो, फाटेही तिथेच काढले जातात.

तेव्हा शक्तिपीठाच्या भूसंपादनाचा पहिला धनादेश निघण्याआधी सरकारने समृद्धीच्या दहा जिल्ह्यांचा हिशेब विधिमंडळासमोर ठेवावा. ३९० पैकी किती गावांना जवळच्या फाट्यापर्यंत बारमाही रस्ता आहे, चोवीसपैकी किती फाट्यांवर एसटी थांबते आणि दिवसातून किती वेळा, किती शीतगृहे प्रत्यक्ष उभी राहिली, सातबारा नसलेल्या किती कुटुंबांचे काम गेले आणि त्यांचे पुढे काय झाले. यासाठी सल्लागार कंपनी नेमायचे कारण नाही. यातले निम्मे उत्तर जिल्हा परिषदांच्या बांधकाम विभागांत आणि एसटीच्या आगारप्रमुखांच्या टेबलावर आहे. उरलेल्यासाठी तलाठ्यांना आठ दिवस पुरेत.