कवि जेव्हां खुनाचा शोध घेतात

रहस्यकथेंत कवीला बहुधा स्थान नसतें. मॅथ्यू पर्ल या अमेरिकन लेखकाच्या ‘दि दान्ते क्लब’ (२००३) या कादंबरींत मात्र खुनाचा शोध घेणारे स्वतः कवीच आहेत, आणि तेही इतिहासांतले. स्थळ बोस्टन व त्याशेजारचें केंब्रिज. काळ १८६५ चा.

कथेचा पाया खरा आहे. लाँगफेलो हा त्या सुमारास इटालियन महाकवि दान्ते याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चें इंग्रजी भाषांतर करीत होता, आणि लोवेलप्रभृति विद्वान् मित्र त्याच्या घरीं जमून तें ओळीओळीनें तपाशीत. या उद्योगामागें एक दारुण प्रसंग होता. १८६१ सालीं त्याची पत्नी फॅनी हिच्या वस्त्रांनीं घरांतच पेट घेतला. आग विझवूं जातां तो स्वतः भाजला, पण ती वांचली नाहीं. चित्रांतून दिसणारी त्याची ती लांब दाढी चेहऱ्यावरील व्रणांमुळें राखिलेली! पुढें त्यानें भाषांतराला वाहून घेतलें. तें १८६७ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झालें.

येथून पर्लची कल्पना सुरू होते. शहरांत एक न्यायाधीश मारला जातो, मग एक धर्मोपदेशक. दोघांचेही मरण दान्तेनें नरकांत वर्णिलेल्या शिक्षांबरहुकूम! पोलिसांना हें उमजत नाहीं; उमजतें तें या भाषांतरकारांना. बोलावें तर संशय आपल्यावरच, शिवाय दान्तेचें नांव कायमचें काळवंडणार; न बोलावें तर आणखी एक जीव जाणार. कादंबरीचा खरा पेंच हा आहे.

हें वाचतांना सिंहलद्वीपांतील कालिदासाची आख्यायिका आठवल्यावांचून राहत नाहीं. राजा कुमारदासानें गणिकेच्या घरीं श्लोकार्ध लिहून पूर्तीला बक्षीस लावलें. कालिदासानें पूर्ति केली. गणिकेनें लोभानें त्याचा घात करून ती आपली म्हणून पुढें केली. राजानें ती वाचली मात्र, आणि हें काव्य कोणाचें तें ओळखलें. या कथेला इतिहासाचा आधार नाहीं. पण काव्याची जाण हाच पुरावा, ही युक्ति तींत आधींच आहे.

दिवंगत कवीच्या दुःखाचा असा उपयोग करावा काय? पर्लनें फॅनीच्या मृत्यूला हात लावला आहे तो संयमानें. लाँगफेलोचें मौनच बोलकें होतें. खुनांचीं वर्णनें मात्र किळसवाणीं आहेत, रात्रीं मुलांदेखत मोठ्यानें वाचण्याजोगीं मुळींच नव्हेत. दुसरें असें कीं, दान्तेच्या शंभर सर्गांपैकीं नरकाचे चौतीसच. कादंबरी वाचून थांबणाऱ्यास तो केवळ यातनांचा कवि वाटेल. घरांतील वडील मंडळींनीं आधीं कादंबरी वाचावी, मग मूळ काव्याचें भाषांतर मिळवून निदान दुसऱ्या भागाचा आरंभ तरी मुलांना समजावून द्यावा. खुनी कोण, हें मीं येथें सांगत नाहीं.