लाट पाद्री आणि वऱ्हाडाचा सारा

१/ नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप आयर चॅटर्टन (१८६३–१९५०) यांच्याविषयी दोनच सूर ऐकू येतात. एकाला ते गोंडवनाचे उपकारकर्ते वाटतात, दुसऱ्याला धर्मांतराचे सूत्रधार. दोन्ही सूर मूळ प्रश्न चुकवतात. #थ्रेड

२/ आधी काळ पाहू. नोव्हेंबर १९०२ मध्ये कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतले. ऑक्टोबर १९०३ मध्ये ते मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाती आले. त्याच १९०३ साली नागपूरचा धर्मप्रांत निर्माण झाला.

३/ आज वाशीम जिल्ह्यात असलेले आमचे आसेगाव तेव्हा वऱ्हाडात होते. म्हणजे एकाच वर्षी गावाला नवा चीफ कमिशनर मिळाला आणि नवा ‘लाट पाद्री’ही. गावाला विचारले कोणी? दोन्ही वेळा कोणीही नाही.

४/ चॅटर्टन यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. हा आयरिश पाद्री डब्लिन विद्यापीठाच्या मिशनबरोबर हजारीबागेत आला आणि तेथे त्याने खऱ्या अर्थाने मिशनचे काम केले. बिशपपद मात्र निराळी वस्तू होती.

५/ अँग्लिकन चर्च हे इंग्लंडचे राजमान्य चर्च. हिंदुस्थानात त्यासाठी सरकारचे स्वतंत्र धर्मखाते होते. छावण्यांत आणि सिव्हिल स्टेशनांत गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी नेमलेल्या सरकारी चॅप्लेनांचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून निघे.

६/ हा महसूल कोणाचा? कापूस पिकवून सारा भरणाऱ्या कुणब्याचा. हिंदूचा, मुसलमानाचा, गोंडाचा. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळातून वऱ्हाड नुकतेच बाहेर पडले होते. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धार्मिक तटस्थतेचे वचन दिले होते. ही कसली तटस्थता?

७/ ‘बिशपने वऱ्हाड बाटवले’ म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडावा. नागपुरात हिस्लॉप आले ते स्कॉटिश फ्री चर्चकडून. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल अमेरिकन नाझरीन मिशनचे. यांपैकी कोणीही अँग्लिकन बिशपच्या आज्ञेत नव्हते. सगळे पाद्री एकाच माळेचे मणी समजणे हा आळस आहे, इतिहास नव्हे.

८/ आणि ‘गोंडवनाचे इतिहासकार’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. ‘द स्टोरी ऑफ गोंडवना’ (१९१६) लंडनहून इंग्रजीत निघाले. ज्यांची ही कथा, त्यांच्यापैकी किती जणांना ते वाचता येत होते? पुस्तक उपयुक्त आहे, जरूर वाचावे. पण राज्यकर्त्यांच्या मांडवात बसून लिहिलेली साक्ष म्हणून, अंतिम निकाल म्हणून नव्हे.

९/ १९१२ मध्ये अझरिया हे दोर्नकळचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. १९२६ मध्ये चॅटर्टन निवृत्त झाले, तेव्हा नागपूरच्या गादीवर आले अ‍ॅलेक्स वुड, म्हणजे पुन्हा गोरेच. उदाहरण समोर होते, इच्छा नव्हती.

१०/ पुढे १९३० मध्ये हे चर्च इंग्लंडच्या कायदेशीर बंधनातून सुटले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. विदर्भातील ख्रिस्ती बांधव या दुसऱ्या घटनेचे वारसदार आहेत. साम्राज्याच्या धर्मखात्याचा हिशेब त्यांच्याकडे मागणे हा निव्वळ अन्याय आहे.

११/ तेव्हा चॅटर्टन यांचा पुतळाही नको आणि पुतळादहनही नको. ‘पहिला बिशप’ ही पदवी उच्चारताना एवढेच विचारावे: पद कोणासाठी होते आणि त्यामागच्या खात्याचा खर्च कोणाच्या शेतातून वसूल होत होता? (समाप्त)